लाकूडफोड्यांचा आखाडा

आधीच सांगून टाकतो, हा लेख वाचून कुणाला तलवार चालवता येणार नाही. लिहिणाऱ्यालाच येत नाही, तर वाचणाऱ्याला कुठून येणार! गेलं दीड वर्ष मी जे काही करतोय त्याला फार तर लाकडाचा दांडा डोक्यावर नेणे आणि खाली आणणे एवढंच म्हणता येईल. पण या दांड्याच्या नादात मला एक माणूस भेटला. तो १८८८ सालीच वारलाय, त्यामुळे भेटला तो पुस्तकांतून आणि आमच्या जपानीच्या सेन्सेईंच्या तोंडून. यामाओका तेस्शू त्याचं नाव. आपल्याकडे सामुराई म्हटलं की गाडी मुसाशीच्या पुढे जात नाही, म्हणून हा खटाटोप.

सुरुवात माझ्या वायडीपासून करावी लागेल. दुसऱ्या वर्षाला एम-थ्रीने घात केला, सोबत आणखी चार विषय घेऊन बुडालो आणि वर्ष गेलं. ज्यांची वायडी झालीय त्यांना पुढचं सांगायला नको, आणि ज्यांची झाली नाही त्यांना सांगून कळणार नाही. माझा रूम पार्टनर तिसऱ्या वर्षाची पुस्तकं घेऊन आला तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं होतं. बाबांनी फोनवर ओरडायला पाहिजे होतं, ते फक्त जेवलास का एवढं विचारून गप्प बसले. तेच जास्त लागलं.

वर्षभर वेळच वेळ. म्हणून पुण्यात जपानी भाषेचा क्लास लावला. मेकॅनिकलवाल्याला जपानी आलं की नोकरीला बरं पडतं, हे घरी सांगितलेलं कारण. खरं कारण ॲनिमे. आता छापूनच येतंय तर येऊ दे. त्याच भरात हॉस्टेलच्या मागच्या सुतारमामांकडून तलवारीच्या आकाराचा एक सागवानी दांडा करून घेतला आणि पहाटे हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन, मोबाइलवर बघून बघून, गिरक्या घेत वार करायला लागलो. तिसऱ्या दिवशी सोलरचा पाइप फुटला. रेक्टर सरांनी दांडा जप्त केला. पुढचं संभाषण इथे देत नाही.

ही कीर्ती सेन्सेईंपर्यंत पोहोचली. आमच्या सेन्सेई पन्नाशीच्या, मराठीच, साडी नेसून क्लासला येणाऱ्या. शिकायला जपानात होत्या तेव्हा तिथल्या कॉलेजात दोन वर्षं केन्दो करत होत्या, हे तोवर आम्हाला माहीतच नव्हतं. क्लास सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं, आपली लांब छत्री हातात दिली आणि धरून दाखव म्हणाल्या. मी बॅटसारखी धरली. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. डाव्या हाताची करंगळी मुठीच्या अगदी शेवटाशी. जोर डाव्या हाताचा, उजवा नुसता दिशा द्यायला. पकड ओलं फडकं पिळताना असते तशी. उजवा पाय पुढे, डावी टाच किंचित वर, पाऊल उचलायचं नाही, जमिनीवरून सरकवायचं. आणि तलवार डोक्यावर नेऊन समोरच्याच्या कपाळाच्या मध्यरेषेत खाली आणायची. रोज शंभर वेळा. झालं.

मी विचारलं, यानंतरचं कधी? तीन वर्षांनी, असं त्या म्हणाल्या. मला वाटलं चेष्टा करतायत. तेव्हा त्यांनी तेस्शूची गोष्ट काढली. ती दर शनिवारी थोडी थोडी अशी सात-आठ आठवडे पुरली. पुढे लिहिलंय ते त्या गोष्टीची आणि नंतर वाचलेल्या पुस्तकांची मिसळ आहे.

तेस्शूचं जन्मनाव ओनो तेत्सुतारो. तेस्शू हे नंतर घेतलेलं नाव, त्याचा अर्थ लोखंडाची होडी. जन्म १८३६ चा, एदो शहरातला. एदो म्हणजे आजचं टोकियो. वडील शोगुनच्या थेट पदरी असलेले सामुराई. आई काशिमा देवस्थानाच्या पुजारी घराण्यातली, आणि काशिमा म्हणजे जपानी तलवारविद्येचं माहेर. तेव्हा पोराच्या हातात नवव्या वर्षीच तलवार आली यात नवल नाही. अर्थात खरी नव्हे, बांबूची.

इथे थोडं थांबायला हवं. त्या काळात जपानात दोनशेहून जास्त वर्षं मोठं युद्ध झालेलं नव्हतं. कंबरेला दोन तलवारी लटकवून हिंडणाऱ्या बहुतेक सामुराईंनी त्या कुणावर उपसलेल्याही नव्हत्या. विद्या शिकण्याच्या पद्धती दोन. एक जुनी, लाकडी तलवारीने जोडीदाराबरोबर ठरलेले डाव ठरलेल्या क्रमाने करत राहायचं. दुसरी अठराव्या शतकात रुळलेली, बांबूच्या फाकांची शिनाई घ्यायची, डोक्याला जाळीचा मुखवटा, अंगावर बांबूचं कवच, हातात जाड मोजे, आणि खरोखर एकमेकांना हाणायचं. आजच्या केन्दोचा सगळा सरंजाम या दुसऱ्या पद्धतीतून आला. पोरांना अर्थातच दुसरी जास्त आवडायची. तेस्शूलाही.

तो दहा वर्षांचा असताना वडिलांची बदली झाली. हिदा नावाच्या डोंगराळ मुलखाचे कारभारी म्हणून ते ताकायामा गावी गेले. तिथे पोराला दोन गुरू मिळाले. एकाकडे तो अक्षर शिकला, म्हणजे कुंचल्याने लिहायची कला, आणि पंधरा-सोळाव्या वर्षी त्या परंपरेचा वारसदार ठरला. दुसरे इनोउए कियोतोरा. हे होकुशिन इत्तो-र्‍यू या एदोतल्या गाजलेल्या घराण्याचे. इत्तो-र्‍यू म्हणजे एका तलवारीचं घराणं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग १८५१ साली आई गेली आणि पुढच्या वर्षी वडील. सोळा-सतरा वर्षांचा हा मुलगा आणि पाठीवर पाच भाऊ, धाकटा तर अंगावरचा. तान्ह्याला घेऊन दूध मागत हा दारोदार फिरायचा असं सांगतात. सगळ्यांना घेऊन तो एदोला परत आला, वडिलांनी मागे ठेवलेला पैसा भावांच्या नावे वाटला, एकेकाला चांगल्या घरी दत्तक दिलं, आणि स्वतःसाठी जेमतेम ठेवून तालमीकडे वळला. चरित्रकार हा भाग चार ओळींत उरकतात. मला मात्र तेस्शू इथेच पहिल्यांदा आवडला.

एदोत तो तलवार शिकला आणि यामाओका सेइझान या गुरूंकडे भालाही शिकायला लागला. सेइझान १८५५ साली अगदी तरुण वयात वारले. घराण्याचं नाव चालवायला कुणी नव्हतं. तेस्शूने त्यांच्या बहिणीशी, फुसाकोशी, लग्न केलं आणि यामाओका आडनाव घेतलं. म्हणजे ज्या नावाने तो पुढे अजरामर झाला ते सासरचं! गरिबी एवढी की घरातल्या चटया आणि कपडेसुद्धा विकून झाले. अंगावरच्या चिंध्यांमुळे लोक त्याला फाटका तेत्सु म्हणायचे. आखाड्यातलं टोपणनाव वेगळं होतं, राक्षस तेत्सु. सहा फूट दोन इंच उंची, शंभर किलोच्या वर वजन. त्या काळच्या जपानात असा माणूस दारातून आत आला की उजेड अडत असणार. शोगुनच्या सैनिकी शाळेत पोरं मनापासून सराव करत नाहीत म्हणून चिडून याने लाकडी तलवार खुपसली, ती भिंतीच्या इंचभर जाड फळीतून आरपार गेली अशी कथा आहे. आमच्या वर्कशॉपमधल्या सरांना विचारलं तर ते म्हणाले लाकूड कुठलं होतं ते सांग, मग बोलू.

१८६३ मध्ये शोगुनने बेकार सामुराईंची एक टोळी क्योतोला पाठवली. तिच्यावर देखरेख करणाऱ्यांत तेस्शू होता. याच टोळीतून फुटून निघालेले लोक पुढे शिन्सेनगुमी झाले. ॲनिमेवाल्यांना जास्त सांगायला नको, त्यांचे निळे कोट तुमच्या वॉलपेपरवर आहेत. पण माझ्या दृष्टीने त्या वर्षातली मोठी गोष्ट वेगळीच. त्या वर्षी तेस्शू हरला.

समोरचा माणूस आसारी योशिआकी. इत्तो-र्‍यूच्याच एका शाखेचा गुरू, तेस्शूपेक्षा चौदा वर्षांनी मोठा आणि अंगाने कितीतरी लहान. लढत बराच वेळ चालली. शेवटी तेस्शूने आपल्या वजनाच्या जोरावर त्याला खाली पाडलं आणि जिंकलो असं समजला. आसारीचं म्हणणं, पडता पडता मी तुझ्या बरगडीवर वार केलाय. तेस्शू मानेना. कवच उतरवून बघितलं तर बांबूच्या कांबी मोडलेल्या. त्यावर या गृहस्थाने काय सांगावं? बांबूला कीड लागली असेल! म्हणजे व्हायवात उत्तर चुकल्यावर प्रश्नच सिलॅबसबाहेरचा होता म्हणणारे आपण एकटेच नाही. घरी आल्यावर त्याने सगळी हकिकत मेहुण्याला, ताकाहाशी देइशूला सांगितली. देइशू स्वतः भाल्याचा उस्ताद. त्याने शांतपणे सांगितलं की तो माणूस खरा आहे. दुसऱ्या दिवशी तेस्शू आसारीच्या दारात शिष्य म्हणून उभा राहिला.

वय सत्तावीस. अठरा वर्षांचा सराव मागे, राक्षस म्हणून नाव झालेलं, स्वतः दुसऱ्यांना शिकवत होता. तो पुन्हा पहिल्या इयत्तेत जाऊन बसला. मी हा भाग ऐकला तेव्हा माझ्यापेक्षा एक वर्ष ज्युनियर पोरांच्या बेंचवर बसायला सुरुवात करून दोन आठवडे झाले होते. सेन्सेईंनी हे मुद्दाम त्या शनिवारी सांगितलं का, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

बरं, शिष्य झाल्यावर तरी काही जमावं! आसारी तलवारीचं टोक समोर धरून नुसता पुढे चालत यायचा आणि हा शंभर किलोचा गडी एकेक पाऊल मागे. मागे सरकत सरकत दारापर्यंत, दारातून बाहेर रस्त्यावर, आणि मग आसारी त्याच्या तोंडावर दार लावून घ्यायचा. रोज. पुढे पुढे घरीसुद्धा सुटका नाही. डोळे मिटून तलवार हातात धरली की समोर आसारी उभा, डोंगरासारखा, आणि कुठूनही आत शिरायला फट नाही. हे किती वर्षं चालावं? सतरा. १८६३ ते १८८०.

या सतरा वर्षांत जपान मात्र उलटापालटा झाला, आणि त्या उलथापालथीत तेस्शूचा हात होता. १८६८ साली सम्राटाच्या बाजूच्या फौजा एदोवर चालून येत होत्या. शोगुन योशिनोबू शरण जायला तयार होता, पण हे कळवायचं कुणी? दहा लाखांच्या घरातल्या लाकडी घरांचं शहर, लढाई पेटली तर सगळंच पेटणार. तेस्शू निघाला. सोबत सात्सुमा प्रांताचा एक माणूस, म्हणजे शत्रुपक्षाच्या बोलीचा. फौजांच्या रांगा लागल्या तेव्हा हा लपूनछपून गेला नाही. मी बंडखोर ठरवलेल्या तोकुगावांचा माणूस, सेनापतीला भेटायला चाललोय, असं मोठ्याने ओरडून सांगत मधून चालत गेला. सैनिक बघत राहिले. सुम्पू गावी, म्हणजे आजच्या शिझुओकाला, त्याची साइगो ताकामोरीशी गाठ पडली. साइगोने अटी घातल्या. किल्ला द्या, शस्त्रं द्या, युद्धनौका द्या. तेस्शूने ते मान्य केलं. पण शोगुनला बिझेन प्रांताच्या ताब्यात द्या, ही अट त्याने साफ नाकारली. साइगो ऐकेना, तेव्हा त्याने उलट विचारलं की तुमचा स्वतःचा धनी याच जागी असता तर तुम्ही त्याला असं सोपवलं असतं का? साइगो विचारात पडला आणि नमला. त्यानंतर एदोत साइगो आणि काात्सु काइशू यांची बोलणी झाली, ठरलेला हल्ला रद्द झाला आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात एदोचा किल्ला रक्त न सांडता हवाली केला गेला. इतिहासाच्या पुस्तकांत श्रेय बहुधा साइगो आणि काात्सु या दोघांना मिळतं. तेस्शूचं नाव खालच्या टीपेत.

आता गंमत बघा. हजारो शत्रूंच्या मधून हा चालत गेला, तिथे पाय डगमगला नाही. आणि घरी डोळे मिटले की एका मध्यमवयीन मास्तरापुढे एक पाऊल पुढे टाकता येत नाही.

१८७२ पासून दहा वर्षं तो तरुण सम्राट मेइजींच्या खास सेवकांत होता. कालपर्यंत ज्यांच्या विरुद्ध पक्षात होता त्यांच्याच घरी. एका रात्री दारू प्यालेल्या सम्राटाने त्याला कुस्तीला ललकारलं, तेस्शूने अंग चोरलं आणि सम्राट तोंडावर आपटले, अशी एक गोष्ट सगळेच सांगतात. प्रत्येकाच्या गोष्टीत सम्राट थोडे वेगळ्या तऱ्हेने पडतात, म्हणून मी तपशिलात शिरत नाही. त्यापेक्षा पावाची गोष्ट पक्की आहे. टोकियोत किमुराया नावाची बेकरी होती. तिथे यीस्टऐवजी साकेच्या आंबवणाने पाव फुगवून आत लाल अझुकी घेवड्याचं गोड सारण भरत, जवळजवळ आपल्या पुरणासारखं. या पावाला आन्पान म्हणतात. ४ एप्रिल १८७५ रोजी सम्राट मुकोजिमाला फुलं बघायला आले तेव्हा तेस्शूने हा पाव पुढे केला. वर मिठात मुरवलेलं चेरीचं फूल. सम्राटांना आवडला आणि आन्पान जपानभर गेला. किमुराया आजही गिन्झात आहे. तिच्या नावाची पाटी तेस्शूच्या हस्ताक्षरातली. क्लासच्या शेवटच्या दिवशी सेन्सेईंनी राजम्याचं सारण भरून आन्पान करून आणले होते. सात मी एकट्याने खाल्ले.

पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, सरकारने तलवार लटकवून फिरण्यावर बंदी आणली. सैन्य आणि पोलीस सोडले तर बाकी सामुराईंच्या कंबरा मोकळ्या झाल्या. त्याआधीच एका नामांकित तलवारबाजाने तिकिटं लावून लढतींचे खेळ सुरू केले होते, पोट भरण्यासाठी. आखाडे ओस पडत होते. बंदुका आणि आगगाड्यांच्या देशात ही विद्या कशाला, असा प्रश्न कुणीही विचारला असता तर उत्तर सोपं नव्हतं. तेस्शू मात्र आसारीच्या सावलीशी झगडतच होता. दिवसा तलवार, रात्री ध्यान. झेन गुरू तेकिसुइ यांनी त्याला दोन तलवारी एकमेकींना भिडण्यावरचंच एक कोडं सोडवायला दिलं होतं. ते तीन वर्षं सुटत नव्हतं.

सुटलं ते एका व्यापाऱ्यामुळे. अक्षर लिहून घ्यायला आलेल्या एका व्यापाऱ्याने बोलता बोलता आपला अनुभव सांगितला. माल भरल्यावर भाव पडेल म्हणून काळीज धडधडायला लागलं की लोक त्याचा फायदा घेतात. नफ्याच्या आशेने हावरेपणा आला तरी तोच प्रकार. म्हणून एकदा ठरवलं की ठरवलं, मग बाजार कुठे जाईल तिकडे बघत बसायचं नाही. तेस्शू हे ऐकून उठला, पाच दिवस तलवार आणि ध्यान यांत बुडाला, आणि ३० मार्च १८८० च्या पहाटे आसारी समोरून नाहीसा झाला. त्याने आसारीला बोलावून घेतलं. दोघे तलवारी घेऊन समोरासमोर आले. एकही वार झाला नाही. आसारीने काही क्षणांनी तलवार खाली ठेवली, तुला मिळालं म्हणाला आणि घराण्याची सर्वांत वरची शिकवण त्याच्या स्वाधीन केली.

झेनचं मला काही कळत नाही आणि कळतं असं सोंगही करणार नाही. पण व्यापाऱ्याचा भाग कळतो. पेपर हातात पडल्यावर पहिल्या प्रश्नालाच पासिंगची बेरीज करायला घेतली की काय होतं, ते मी एम-थ्रीच्या दोन्ही वेळेला बघितलंय.

तेस्शूने आपल्या घराण्याला नाव दिलं मुतो-र्‍यू. मुतो म्हणजे तलवार नसणे. हातात तलवार नाही असा याचा अर्थ नाही. समोरच्याच्या तलवारीवर मन अडकून राहू नये, असा. १८८२ साली त्याने आखाडा बांधला, शुम्पूकान, वसंतवाऱ्याचं घर. तलवारबंदीनंतर सहा वर्षांनी! आता एवढ्या मोठ्या माणसाकडे शिकायला येणाऱ्या पोरांची काय अपेक्षा असेल? गुप्त डाव, अंतिम रहस्य, वगैरे. मिळायचं काय? तीन वर्षं नुसता वार. समोर सिनियर उभा राहणार. नवख्याने तलवार डोक्यावर न्यायची, पूर्ण ताकदीने, ओरडत, कपाळावर वार करत पुढे घुसायचं. सिनियर ढकलून पाडणार. उठायचं, पुन्हा. स्वतःला वाचवायचं नाही, डावपेच करायचे नाहीत, सामने खेळायचे नाहीत. दम संपेपर्यंत हे, आणि दम संपल्यानंतर खरा सराव सुरू. बाहेरचे लोक हसायचे. मुतो-र्‍यूला ते लाकूडफोड्यांची विद्या म्हणायचे, कारण दिसायचं अगदी कुऱ्हाडीने ओंडके फोडल्यासारखं. इतर आखाड्यांत लांबलचक शिनाया घेऊन चपळाईने गुण मिळवणं चाललेलं असताना इथे ३ शाकु २ सुन, म्हणजे साधारण ९७ सेंटिमीटरची आखूड शिनाई. लांब काठीने दुरून टोचायची सोयच नाही. वार करायचा तर जवळ जावं लागणार.

यामागे इत्तो-र्‍यूचं जुनं गणित होतं. त्या घराण्याचा पायाभूत डाव किरिओतोशी. समोरच्याने कपाळावर वार केला की आपणही बाजूला न होता, त्याच क्षणी, त्याच मध्यरेषेत वार करायचा. रेषा नेमकी असेल तर आपलं पातं त्याचं पातं बाजूला सारून आत शिरतं. आधी अडवणं आणि मग मारणं अशा दोन क्रिया नाहीत, एकाच वारात दोन्ही. कागदावर ही साधी फोर्सची दिशा आहे. पण वार अंगावर येताना मानेने आपोआप मागे जाऊ नये यासाठी काय लागत असेल? तीन वर्षं लागत असतील, दुसरं काय. शिवाय तेस्शूला स्वतःच्या तरुणपणाचा अनुभव होता. ताकद आणि चलाखी आधी आली की माणूस जिंकत जातो आणि एक दिवस आसारी भेटतो.

तीन वर्षं झाली की सुटका असंही नाही. त्यानंतर परीक्षा. सलग १००० दिवस सराव केलेल्याने एका दिवसात २०० लढती लढायच्या. समोरचे बदलत राहणार, ताजेतवाने एकामागून एक, आणि हा एकटा. पुढची पायरी तीन दिवसांत ६००. त्याही पुढची सात दिवसांत १४००. खायला पेज. हाताच्या सालपटांतून रक्त यायचं, पायऱ्या चढताना रांगावं लागायचं. ही परीक्षा नापास करण्यासाठी नव्हती. २००व्या लढतीला अंगात ताकद आणि डोक्यात चलाखी दोन्ही उरत नाही. मग जे उरतं ते तेस्शूला बघायचं असे. आपली सबमिशनची शेवटची रात्र आठवा, फक्त कॉपी करायला जर्नल नाही असं समजा.

सेन्सेईंना मी एकदा विचारलं की हे आज कुठे चालतं का. त्यांनी सांगितलं की केन्दोत पहिल्या दिवशी जे शिकवतात, पुढेमागे सरकत कपाळावर वार, ते याच झाडाचं फळ आहे. आधुनिक केन्दोची बैठक घालणाऱ्यांतले ताकानो सासाबुरो हे इत्तो-र्‍यूचेच, आणि तरुणपणी एका पराभवानंतर तेस्शूकडे शिकायला आलेले. म्हणजे आणखी एक हरलेला माणूस. मला वाटतं या आखाड्याच्या दारावर पाटी लावायला हवी होती, वायडीवाल्यांना प्रवेश.

शुम्पूकानच्या पुढच्या काळात तेस्शूने आपल्या घराण्याची पुन्हा उजळणी केली. मूळ ओनो घराण्याच्या वारसाकडून जुने डाव १८८५ साली समजून घेतले. स्वतः संस्थापक असूनही आपल्याकडच्यात काही कमी राहिलंय का हे तपासत बसणारा माणूस! यानाका भागात त्याने झेन्शोआन हे मंदिर उभारलं, १८८३ मध्ये. मंदिरांना पैसा हवा म्हणून हजारोंनी अक्षरं लिहिली आणि मिळालेलं वाटून टाकलं. घरची गरिबी संपली असं मात्र कुठे वाचायला मिळत नाही. फुसाकोबाईंनी हे सगळं कसं निभावलं यावर कुणी पुस्तक लिहिलं तर मी आधी विकत घेईन.

१८८८ च्या उन्हाळ्यात पोटाच्या कॅन्सरने त्याला गाठलं. शेवटच्या दिवसांत घर माणसांनी भरलं होतं. एन्चो नावाचा त्या काळचा सर्वांत मोठा कथेकरी त्याचा शिष्य होता, तोही उशाशी बसलेला. सगळे गळे काढून बसलेत, कंटाळले असतील, यांना एखादी गोष्ट सांग, असं तेस्शूने त्याला फर्मावलं. एन्चो रडत रडत विनोदी गोष्ट सांगत राहिला. मग तेस्शूच्या लक्षात आलं की आखाड्यातून आवाज येत नाहीये. गुरुजी आजारी म्हणून शिष्यांनी सराव बंद ठेवला होता. तो रागावला. जा आणि रोजच्यासारखं सुरू करा म्हणाला. थोड्या वेळाने पलीकडून आरोळ्या आणि बांबूचा खडखडाट यायला लागला. १९ जुलैला सकाळी तो पांढरे कपडे घालून, राजवाड्याच्या दिशेला तोंड करून, मांडी घालून बसला आणि बसल्या जागीच गेला. आपल्या हिशेबाने वय ५२.

माझ्या बाजूची खबर अशी. एम-थ्री सुटला, ४३ मार्कांनी, पेढे वाटण्याइतके नाहीत. सेन्सेई निवृत्त होऊन मुलीकडे गेल्या. दर महिन्याला त्यांना आकडा कळवतो, त्या परत फक्त पकडीबद्दल विचारतात. उजव्या हाताने ओढायची सवय अजून गेलेली नाही, त्यामुळे वार डावीकडे तिरका जातो. दुसरा दांडा सुतारमामांनी बाभळीचा करून दिला, जड आहे, पण आता गिरक्या घेत नसल्यामुळे पाइप सुरक्षित आहेत. पहिला सागवानी अजून रेक्टर सरांच्या केबिनमध्ये कपाटावर पडलेला दिसतो. हा अंक त्यांच्या टेबलावर पोहोचला की मी जाऊन मागणार आहे. तीन वर्षांतली दीड संपलीत, तोवर एक ज्युनियरही गच्चीवर यायला लागलाय आणि त्याला दांडा नाही.